पेटी उघडण्याआधीचा फ्लेक्स

पवईत आमच्या डिपार्टमेंटच्या दारावर फ्लेक्स लागला: ‘डार्क मॅटर सापडले! हार्दिक अभिनंदन!’ ते सापडलंय की नाही, हे कळायला अजून तीन तास होते.

फ्लेक्स आमच्या हेड सरांनी छापून घेतलेला. सरांचा फोटो भलामोठा, गौरीचा तिकिटाएवढा. गौरी माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तीन वर्षांचं सगळं काम तिचं.

काम असं. विश्वातलं बरंचसं वस्तुमान दिसतच नाही. ते डार्क मॅटर. ते सूर्याच्या पोटात साठत असेल, तर त्याचे कण एकमेकांवर आदळून न्यूट्रिनो बाहेर पडायला हवेत. न्यूट्रिनो सगळ्यातून आरपार जातात, क्वचित एखादा बर्फात धडकतो. म्हणून दुर्बीण दक्षिण ध्रुवावर, बर्फात खोल पुरलेली. तिचा डेटा आम्ही पवईत एसीत बसून चाळतो.

यात एक सोवळं असतं. डेटा कसा चाळायचा ते आधी ठरवायचं. तोवर सूर्याकडून किती न्यूट्रिनो आले हे बघायचं नाही, नाहीतर माणसाला हवं तेच दिसायला लागतं. मग एकदाच ‘पेटी उघडायची’, म्हणजे तो आकडा बघायचा. त्यानंतर चाळणीला हात लावायचा नाही.

तीन वाजता गौरीने पेटी उघडली. सूर्याच्या दिशेने एरवी येतात तेवढेच न्यूट्रिनो. जादा काही नाही.

सर धावत आले. “गौरी, चाळणी जरा ढिली कर ना.”

“आता नाही होत, सर.”

“अगं, चारला प्रेसवाले येतायत. फ्लेक्स लागलाय.”

“मग फ्लेक्स ढिला करा, सर.”

सर माझ्याकडे वळले. “तू तरी सांग रे हिला.”

खरं सांगतो, मला मोह झाला. माझ्या प्रमोशनची फाइल सरांच्याच टेबलावर होती. गौरी माझ्याकडे बघत होती. तिने चाळणी हलवली असती, तर तिची तीन वर्षं खोटी झाली असती, आणि ते तिला जन्मभर माहीत राहिलं असतं.

“पेटी उघडली, सर,” मी म्हणालो आणि फ्लेक्स उतरवायला स्टूल आणायला गेलो.

प्रेसवाले समोसे खाऊन गेले. ‘सूर्यात डार्क मॅटर असलंच, तर यापेक्षा जास्त नाही’ एवढं सांगणारा प्रबंध गौरीने लिहिला. परीक्षकांनी तो आनंदाने पास केला. माझं प्रमोशन आहे असं सगळे म्हणतात, अजून कुणाला दिसलेलं नाही.

फ्लेक्स मी मुलुंडला घरी नेला. आमच्या बिल्डिंगची गच्ची गळत होती, तिथे अक्षरं खाली करून अंथरला. गळती थांबली. त्या प्रोजेक्टचा तेवढाच एक पॉझिटिव्ह रिझल्ट.