उंबऱ्यापाशी काढलेल्या चपला

नोकरीतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो, पण वाळवंटातल्या त्या चपला अजून डोळ्यांसमोर येतात. तेव्हा मी ॲरिझोनातल्या एका शेरीफ कार्यालयात तपास अधिकारी होतो. मूळचा साताऱ्याकडचा, म्हणून मराठी माणूस हरवला की फाइल आपसूक माझ्या टेबलावर यायची.

मुलीकडे राहायला आलेले एक काका सकाळपासून बेपत्ता होते. तक्रार नोंदवताना मुलगी पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काल मीच त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, बाबा, ते गोल्ड माइनचं वेड आता पुरे. ते जेवलेसुद्धा नाहीत."

इकडच्या डोंगरांत एका म्हाताऱ्याची हरवलेली सोन्याची खाण आहे, अशी दंतकथा आहे. असल्या गोष्टींना मी हसतो. पण ऊन उतरताना ते डोंगर असे काही पिवळे होतात, की घटकाभर मलाही ती खरी वाटते.

दुपारी हायवेवरच्या गॅस स्टेशनवरून खबर आली: कोल्हापुरी चपला घातलेल्या एका आजोबांनी पाणी विकत घेतलं, सोबत निळ्या गाडीतला तरुण होता. गाडीवरून तासाभरात तो तरुण मिळाला. पीएचडी करणारा, पुण्याचा. घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं आणि गप्प बसावं, निम्मी चौकशी तिथेच होते.

"सर, काकांनी प्रॉमिस घेतलं होतं, ताईला सांगू नकोस म्हणून," तो अखेर बोलला. "ड्रॉप केलं, परत पिकअपला गेलो तर नव्हतेच यार... सॉरी, सर. जुन्या खाणीत जायला बंदी आहे ना, मला व्हिसाची भीती वाटली."

"शहाणाच आहेस. चल, जागा दाखव."

मुलगीही आमच्याबरोबर आली. टेकडीवर कुणीकुणी सोन्यासाठी खणून सोडून दिलेले खड्डे होते आणि मधोमध विहिरीसारखी एक खोल खाण. तिच्या जवळच एका सपाट दगडापाशी चपला होत्या, शेजारी शेजारी, नीट ठेवलेल्या. माझा सहकारी हळूच इंग्रजीत म्हणाला, "उडी मारली असणार." ते मुलीला ऐकू गेलंच. ती त्या चपलांपाशी जाऊन बसली.

दोरवाल्या पथकाला बोलावून मी चपलांकडे बघत राहिलो. त्यांची टोकं खाणीकडे नव्हती, डोंगराकडे होती. आणि दगडापलीकडे गुडघाभर उंचीची एक पडकी भिंत होती, मधे दाराएवढी मोकळी जागा.

"अहो, हा उंबरा आहे!" मी मराठीतच ओरडलो. "काका! काका!"

भिंतीमागे डोंगरात खोदलेल्या कोठीतून क्षीण आवाज आला, "कोण आहे? जरा हात द्या, पाय मुरगळलाय."

मुलगी धावली.

"बाबा! पण चपला बाहेर का काढल्यात?"

"अगं, कुणाचं तरी घर आहे हे. चूल आहे बघ इथे."

ती तशीच थांबली, उंबऱ्यापाशी बूट काढले आणि आत गेली. त्यांना बिलगून रडत म्हणाली, "माझ्यावर रागावून नाही ना गेलात?"

"रागावलो होतो की. म्हणून काय परत येणार नव्हतो?"

माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. घटनास्थळी वस्तू सापडली, की ती कुणाची हे आम्ही आधी विचारतो. ती ठेवताना माणूस कुठे निघाला होता, हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो.

ती दंतकथेतली सोन्याची खाण कुणालाच सापडली नाही. निवृत्तीनंतरही मी कधीतरी त्या कोठीकडे जातो. डोंगर पिवळे होतात, आत कुणीतरी चूल पेटवतंय असं वाटतं. मग मीही थोडा वेळ आत जाऊन बसतो, बूट अर्थातच बाहेर काढून.