तांदळातलं नाव

बारावी झाल्यावर घरात माझ्या लग्नाचं बोलणं निघालं, तेव्हा मी जेवणच सोडलं आणि वडिलांकडून जालन्याचा कॉम्प्युटरचा क्लास कबूल करून घेतला. हट्टी होते मी, आणि तोंडाळही. भोकरदनहून रोज सकाळची एसटी धरायची. चतुर्थी असली की राजूरपर्यंत उभंच राहावं लागायचं. गणपतीला जाणारी मंडळी तिथं उतरली की मंग कुठं टेकायला मिळायचं.

क्लास एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर होता. दोन पोरींत एक मशीन. माझी जोडीदारीण जालन्याचीच, शांत, एकेक बटण शोधून दाबणारी. माझं डोकं फिरायचं. मी तिच्या हाताखालून कीबोर्ड ओढून घ्यायचे आणि ती बिचारी हसून सरकायची.

ज्या दिवशी सरांनी सी लँग्वेजमधलं स्ट्रक्चर आणि युनियन शिकवलं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सर म्हणाले, स्ट्रक्चर म्हणजे आपला मसाल्याचा डबा. मोहरीची वाटी वेगळी, जिऱ्याची वेगळी, हळदीची वेगळी. युनियन म्हणजे एकच वाटी. तिच्यात मोहरी भरा नाहीतर हळद भरा, पण एका वेळी एकच. मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं.

मंग मी आपली एक युनियन बनवली. तिच्यात माझं नाव भरलं, त्याच्यानंतर परीक्षेचा नंबर भरला आणि मशीनला म्हटलं, आता नाव दाखव. पडद्यावर आधी काहीतरी वेडीवाकडी चिन्हं आली आणि त्यांच्यामागं माझ्या नावाचं नुसतं शेपूट. मी जोडीदारणीवर ओरडले की तूच काहीतरी दाबलंस. सर आले, बघितलं आणि हसले.

"जागा एकच आहे ना," ते म्हणाले. "तू नंबर भरलास, तो नावाच्या डोक्यावर जाऊन बसला. नंबर लहान, नाव लांब, म्हणून मागची अक्षरं उरली. ती कुणी पुसत नाही, पण ते आता तुझं नाव न्हाई."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. इतका आनंद झाला की दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत सुटले. घरी वडिलांनी फक्त युनियन हा शब्द ऐकला आणि आईला विचारलं, पोरीला संप करायला शिकवून राह्यले का तिथं. आम्ही पोट धरून हसलो. त्या घरातलं माझं तसं हसणं तेवढंच आठवतं.

सरांनी मला सांगून ठेवलं होतं की परीक्षा झाली की सकाळच्या नव्या बॅचला सी तू शिकव. मला तेवढंच पाहिजे होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

तेवढ्यात शहागडचं स्थळ आलं. हायवेवर त्यांचं टायरचं दुकान, ट्रकांची रात्रंदिवस वर्दळ. पाहायला आले तेव्हा मी सरळ मुलालाच विचारलं की लग्नानंतर मला जालन्याला शिकवायला जाऊ द्याल का. आईनं मागून चिमटा काढला. तो म्हणाला, "बिलकुल. शिकव की." मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, त्या एका शब्दावर मी लग्नाला उभी राहिले.

परीक्षा झाली, लग्न झालं. गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. दोन अक्षरी. माझं माहेरचं नाव लांबलचक, आजोबांनी हौसेनं ठेवलेलं. हाक मारायला जड जातं, असं सासूबाईंचं म्हणणं. मला कुणी विचारलं नव्हतं. पेढे वाटले गेले. मी येड्यासारखी ताटात बघत होते, मागं कुठं माझ्या नावाचं शेपूट उरलंय का म्हणून. मंग सासूबाईंनी हातानं तांदूळ सारखे केले आणि ते नवं नावही गेलं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ मीच शिजवले.

जालन्याचा विषय काढला की नवरा म्हणायचा, जाशील की, जरा दम धर. कधी चिडला नाही, कधी नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर मी भांडले तरी असते. त्या गोड बोलण्याशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सरांनी दिवाळीपर्यंत वाट पाहिली आणि ती बॅच माझ्या जोडीदारणीला दिली. ते कळलं त्या दिवशी मी चुलीपुढं बसून खूप रडले. धूर होता, म्हणून कुणी विचारलं नाही.

बऱ्याच वर्षांनी लेकीचे डोळे दाखवायला जालन्याला गेल्ते. परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही मायलेकी स्टँडवर बसलो होतो. मागून एक बाई कुणाला तरी हाका मारीत होती. एकदा, दोनदा, मंग पुन्हा. मला तर रागच आला. म्हटलं, कोण ही बहिरी, एवढं कुणी बोलवतंय तर ओ द्यायला काय होतंय हिला.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. माझी जोडीदारीण होती.

"अगं, किती हाका मारल्या तुला," ती म्हणाली.

ती त्याच माडीवर अजून शिकवत होती. युनियनचा धडा आला की पोरांना तुझ्या नावाचीच गोष्ट सांगते, म्हणाली. तिनं मला पुन्हा त्या नावानं बोलावलं आणि मी हसले, ओळखीच्या माणसाकडं बघून हसतात तसं. तिची वेळ झाली, ती गेली.

गाडीत खिडकीशी बसल्यावर लेकीनं विचारलं, "आई, त्या मावशी कोणाचं नाव घेऊन राह्यल्या होत्या?"

"होती एक," मी म्हणाले. "त्यांच्यासंगं शिकायला."