त्या दुपारची तांदुळज्याची भाजी

माझं सासर भोकरदनच्या पलीकडच्या एका गावात. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन तिथं गेले. माहेर जालना शहरात. आमच्याकडं पालेभाजी बाजारातून जुडी बांधून यायची. सासरी मात्र पावसाळ्यात भाजी विकत आणणं म्हणजे लाज वाटण्यासारखं. बांधावर, खळ्याच्या कडेला, उकिरड्याच्या आसपास तांदुळजा उगवायचा. तो माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, स्वतः खुडून आणायच्या. निवडायच्या त्याच, चिरायच्याही त्याच.

"जालन्याच्या पोरीला काय कळतंय गवत कोणतं अन् भाजी कोणती," असं त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. माझ्याकडं फक्त चूल. पण ती भाजी करायला त्यांनीच मला शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. लोखंडी कढईत तेल, त्यात ठेचलेला लसूण, तो लाल होत आला की पाट्यावर रगडलेल्या हिरव्या मिरचीचा गोळा. ठसक्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, तरी तोंड फिरवायचं नाही, कारण मिरची जळली की सगळं गेलं. मग पाला टाकायचा आणि वर पाण्यानं भरलेलं ताट झाकायचं. कढईत पाण्याचा थेंब घालायचा नाही. पाला अंगच्याच पाण्यात शिजला पाहिजे. शेवटी शेंगदाण्याचं जाडसर कूट घालून तेल सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवायचं. सासऱ्यांना, मामंजींना, ही भाजी इतकी तिखट लागायची की भाकरी खाताना कपाळावर घाम आला नाही तर ते ताटाकडं बघत बसायचे.

त्या दिवशी मालक, म्हणजे माझे यजमान, पहाटेच जालन्याला गेले होते. आभाळ भरून आलेलं, घरात दिवसाही अंधारल्यासारखं. आत्याबाई ओटीत पाला घेऊन आल्या, दारात बसून निवडला, देठं शेळीपुढं टाकली आणि चिरलेला पाला माझ्यापुढं ठेवला. मी रोजच्यासारखी भाजी केली. मामंजी जेवायला बसले, त्यांच्यानंतर आत्याबाई. मी नवी सून, माझं जेवण सगळ्यांचं झाल्यावर.

"आज बराबर झाली," मामंजी भिंतीकडं बघून म्हणाले. माझ्याशी ते थेट बोलत नसत. मीही त्यांच्यासमोर पदर डोळ्यांपर्यंत ओढूनच असायची.

त्यांनी पाणी मागितलं, मी तांब्या भरून दिला. थोड्या वेळानं पुन्हा मागितलं, मग पुन्हा. आत्याबाईंनीही मागितलं. "आज मिरची लई टाकली का गं?" त्या म्हणाल्या. "घशाला कोरड पडून राह्यली." मला वाटलं, माझाच हात जड झाला. मी घाबरून ताक आणून दिलं. ते पिऊनही दोघांची जीभ टाळूला चिकटत होती. बोलताना शब्द अडकत होते.

मी भांडी आवरायला परसात गेले. परत येऊन बघते तर आत्याबाई सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. बोटांनी खडे वेचत होत्या आणि सूप रिकामं होतं.

"आत्याबाई, काय करताय?"

"दिसत न्हाई का? गहू निवडून राह्यले."

त्यांनी वर बघितलं. तोंड तांबडंलाल झालेलं. डोळ्यांतली काळी बाहुली एवढी पसरलेली की बुबुळ उरलंच नव्हतं. ओसरीवर मामंजी कुणाशी तरी बोलत होते. ओसरीवर कुणीच नव्हतं. ते आपल्या मेलेल्या बैलाला हाक मारत होते, हाताशी नसलेला कासरा ओढत होते.

मी पळत जाऊन शेजारच्या चुलत सासूबाईंना बोलावलं. त्यांना आम्ही काकू म्हणायचो. काकूंनी एक नजर टाकली आणि विचारलं, "काय खाल्लं यांनी?"

"तांदुळज्याची भाजी अन् भाकर."

"तू खाल्ली?"

"न्हाई. मी अजून जेवलेच न्हाई."

काकूंनी कढईकडं बघितलं. मग त्यांनी दारातून आरडाओरडा करून माणसं गोळा केली. एकजण घोड्यावरून शेजारच्या गावच्या हकीमसाहेबांना आणायला गेला. बाकीचे अंगणात उभे राहिले. घरात काकू, मी, भ्रमिष्ट झालेले दोघं आणि ती कढई.

"सगळ्यांनी खाल्ली अन् हिनंच न्हाई खाल्ली," काकू अंगणाकडं बघून बोलल्या. "नवरा गावाला गेला तो दिस बराबर धरला."

अंगणात कुजबुज झाली. कुणी "असं नका म्हणू" म्हणालं नाही. मी चुलीपाशी उभी होते.

"काही घातलं नसंल तर खाऊन दाखव," काकू म्हणाल्या. त्यांनी कढई उचलून माझ्यापुढं ठेवली. तळाला भाजी उरली होती, कडेला तेल सुटलेलं.

मला आजही सांगता येत नाही की मी काय करणार होते. मी खाली बसले, हात कढईत घातला, एवढं आठवतं. भाजी अजून कोमट होती. तेवढ्यात अंगणातून कुणीतरी ओरडलं, "धरा, धरा!"

मामंजी उठून मागच्या दारानं परसात गेले होते. परसात आमची विहीर, कठडा गुडघ्याएवढा. ते बैलाला पाणी पाजायचं म्हणत सरळ तिकडंच निघाले होते. अंगणातली माणसं घराला वळसा घालून येईपर्यंत उशीर झाला असता. चुलीपासून मागचं दार जवळ. मी धावले. पदर डोक्यावरून खाली आला, तो तसाच. मामंजींचा एक पाय कठड्यावर होता. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघंही मागं चिखलात पडलो.

त्यांनी मला ढकललं, नखं लागली, कोपर माझ्या ओठावर बसलं. "सोड, बैल बुडून राह्यला!" ते ओरडत होते. ज्या माणसानं माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं त्याला मी चिखलात दाबून धरलं होतं आणि रडत रडत म्हणत होते, "मामंजी, बैल वर आहे, बैल वर आहे." मग माणसं आली. त्यांनी मामंजींना उचलून आत नेलं आणि खाटेला धोतरानं बांधलं.

हकीमसाहेब आले. म्हातारे, शांत. दोघांच्या पापण्या वर करून पाहिल्या, जीभ पाहिली, नाडी धरली. मग काकूंकडं नाही, माझ्याकडं वळले. "बेटी, क्या पकाई थी? उसका पत्ता लाके दिखाव. बिलकुल जल्दी."

पाला तर चिरून शिजलेला. मला शेळी आठवली. मी गोठ्यात गेले. तांदुळज्याची देठं शेळीनं केव्हाच संपवली होती. पण दोन-चार जाडसर देठं तिनं तोंड न लावता सोडली होती, एकाला कोवळं पान तसंच होतं. ते मी ओंजळीत धरून आणलं.

हकीमसाहेबांनी पान बोटांनी चुरगाळलं, वास घेतला. "ये तो धतूरा है. कोवळा. तांदुळज्यात मिसळ झाली. मिरची इतनी, के कडवापन समझमें नै आया." मग मिठाचं कोमट पाणी आणवलं. दोघांना ते पाजून ओकाऱ्या काढवल्या. पोटात फार गेलं नव्हतं, जीव वाचतील म्हणाले, पण दोघांपाशी माणूस बसून पाहिजे. उठताना त्यांनी विचारलं, "ये भाजी कौन चुने?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गप्प राहिले. खरं सांगितलं असतं तर कुणाला पटलं असतं? आणि आत्याबाई समोर पडलेल्या, हवेतले धागे वेचत होत्या. त्यांच्यावर बोट दाखवायला माझी जीभ उचलेना.

"आता कळलं," काकू म्हणाल्या. "शहराची पोरगी, हिला धोतरा वळखू येत न्हाई."

विष घालणारी बाई नाही, नुसती अडाणी बाई, एवढ्यावर गाव आलं. दिवेलागणीला मालक आले. वेशीवरच त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं. ते आधी आईबापाजवळ बसले, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्या सुजलेल्या ओठाकडं बघितलं.

"तू निवडलती?"

"न्हाई."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. पण आतही आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आत्याबाई शुद्धीवर आल्या. भोवती बायका बसलेल्या. काकूंनी सगळी हकीकत सांगितली, शेवटी म्हणाल्या, "सुनेला नीट शिकवा आता भाजी निवडायला."

आत्याबाईंचा घसा अजून बसलेला होता. "तिनं न्हाई निवडली," त्या म्हणाल्या. "मीच आणली, मीच निवडली. तिला तर मी पाल्याला हात लावू देत न्हाई." त्या थांबल्या. "मला दिसत न्हाई नीट. वरसभरापासून. सुई बी हिच्याकडूनच ओवून घेते. सांगितलं असतं तर चुलीसंगं सगळं घरच हिच्या हाती गेलं असतं, म्हणून न्हाई सांगितलं."

काकू उठून गेल्या. मालक ओसरीवर होते, त्यांनी ऐकलं. ते आत आले, पाण्याचा तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. "तू कालपासून काही खाल्लं न्हाईस," एवढंच म्हणाले.

मामंजींना जवळचं पुन्हा नीट दिसायला आठवडा लागला. ओसरीवर मी आले की ते मान खाली घालायचे. एकदा मात्र भिंतीकडं न बघता सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, ओठ बरा झाला का?" मी हो म्हटलं.

बातमी मोटारीतून जालन्याला आधीच पोचली होती: पोरीनं सासूसासऱ्याला विष घातलं. माझा थोरला भाऊ मला न्यायला आला. अंगणातच उभा राहिला, बसायला तयार नाही. "बहिणीला घेऊन चाललो," म्हणाला.

आत्याबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. "न्या," त्या म्हणाल्या. "पण आधी माझं ऐका, मंग न्या." आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. आपले डोळे, निवडलेला पाला, काकूंचं बोलणं, विहीर. काही वगळलं नाही. सांगता सांगता त्यांचा भिंतीवरचा हात सुटला, तेव्हा मी जाऊन त्यांना धरलं.

भाऊ माझ्याकडं वळला. मग त्यानं मला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"दिवाळीला ये न्यायला," मी म्हणाले. "आत्ता यांना सोडून कशी येऊ?"

तो ओसरीवर बसला. मी चहा टाकला. दुपारच्या मोटारीनं तो एकटाच परत गेला.