बाबलची मागची सीट

"अरे मेल्यांनो, कोणीतरी व्हय म्हणा रे!"

परीक्षेच्या खोलीतून बाबल ओरडला, तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होतो. त्याचा आवाज असा, की मालवणच्या धक्क्यावर हाक मारली तर कुडाळ स्टेशनात सुटलेली गाडी पुन्हा उभी राहावी. संगणकांपुढे बसलेल्या कॉलेजच्या पोरापोरींचे हात हवेतच राहिले. एका मुलीने घाबरून भलताच पर्याय दाबला आणि नेमका तोच बरोबर निघाला, असं मी गावभर सांगत आलोय. त्यात माझी भर किती, ते विचारू नका. परीक्षा घेणारे साहेब मात्र शांत होते. "काका, इथे मोठ्याने बोलायचं नाही," ते म्हणाले, आणि तेवढ्यात बाबलच्या पडद्यावरचा वेळ संपला. मोटरसायकलच्या शिकाऊ लायसनच्या परीक्षेत माझा दोस्त नापास झाला.

तो बाबल गेला, त्याला आता दीडेक महिना होईल...

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे लग्न असो की नवी होडी पाण्यात लोटायची असो, देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हटल्याशिवाय मागणं पुरं होत नाही. आमच्या वाडीत गाऱ्हाण्याचा मान बाबलच्या घराण्याकडे. वाचलेलं त्याच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत टिकत नसे, पण गाऱ्हाण्यात घातलेलं तो जन्मात विसरत नसे. म्हणून त्याने रस्त्यावरच्या सगळ्या खुणांचं गाऱ्हाणं केलं. दिवेलागणीला पडवीत बसून सुरू व्हायचा, "बा देवा म्हाराजा, लाल गोलात पांढरी आडवी पट्टी दिसली, आनि थंय कोण घुसाक बघलो, तर तेका मागे फिरव रे म्हाराजा!" आतून, चुलीपाशी मासे तळता तळता, त्याच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं उत्तर, "व्हय म्हाराजा!" मग तीनकोनी पाट्या, मग पांढरे पट्टे ओलांडणारी माणसं. सगळ्यांना देवाच्या हवाली करून मगच तो जेवायला उठे.

या वयात हे कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. कारण वहिनी. कैक वर्षांपूर्वी दोघं मोटरसायकलवरून लग्नाला निघाली असताना कसालला पोलिसांनी अडवलं. बाबलकडे लायसन नव्हतं. भर बाजारात, शालू नेसलेल्या वहिनी उन्हात उभ्या, आणि येणारा जाणारा ओळखीचा माणूस "काय गो, काय झाला?" विचारतोय. सुटका झाल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "लायसन गावल्याशिवाय मी काय तुमच्या पाठी बसाचंय नाय." आणि चालत एसटीच्या थांब्यावर गेल्या. तेव्हापासून जिथे जायचं तिथे वहिनी एसटीत, आणि एसटीच्या मागून मोटरसायकलवर बाबल. मंत्र्याच्या गाडीला नसेल असा राखणदार! थांबा आला की हा खिडकीखाली हजर. कधी खाज्याचा पुडा वर देणार, कधी नुसताच "बरी आसस मां?" विचारणार. मोटरसायकलची पुढची सीट फाटून दोनदा बदलली. मागची तशीच नवी. तिच्यावर त्याने कधी माशांची पिशवीसुद्धा ठेवली नाही.

लायसन काढ म्हटलं की तो हसण्यावारी न्यायचा. मग वहिनींचे गुडघे धरले. एकदा मसुऱ्याला माहेरी जाताना त्यांना एसटीची पायरी चढवेना. कंडक्टरने हाताला धरून वर ओढलं. मागून बाबलने ते पाहिलं. त्या दिवशी तो एसटीच्या मागे गेलाच नाही. मोटरसायकल वळवून थेट माझ्या दारात आला आणि म्हणाला, "माका लायसन काढूचा आसा."

नापास झाल्यावर मी त्याला सुचवलं, पुढच्या खेपेला गाऱ्हाणं मनात घाल आणि 'व्हय'सुद्धा मनातच म्हण. तो भडकला. "मागणारो मी, आनि व्हय म्हणणारोय मीच? देव काय खुळो आसा?" तोड काढली वहिनींनी. "तुमी थंय मनात घाला. मी हंयसून व्हय म्हणत रवतंय." आणि खरोखरच, बाबल परीक्षेला बसला त्या वेळी वहिनी घरी उंबऱ्यावर बसून अखंड "व्हय म्हाराजा" म्हणत होत्या. कोळीण दारात आली. तिने बांगड्यांचा भाव सांगितला, "व्हय म्हाराजा." दुप्पट सांगितला, तरी "व्हय म्हाराजा." त्या दिवशी बांगडे महागात पडले, पण बाबल पास झाला.

घरी आल्या आल्या त्याने नंबरप्लेटवर लाल रंगाने 'एल' काढला. वहिनी चांगलं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि मोटरसायकलपाशी जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनी... आणि हा माणूस मागच्या सीटवर आडवा हात धरून म्हणतो, "वायच थांब गो. शिकाऊ लायसनार पाठी कोणाक बसवूचा नाय. माका तोच प्रश्न इल्लो." मी म्हटलं, अरे, गावातल्या गावात कोण बघतंय? तर माझ्यावरच डोळे वटारले. "उत्तर मी दिलंय मां? मगे?" वहिनी हसल्या. "इतकी वर्सां रवलंय, आनि एक म्हयनो," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन थांब्याकडे वळल्या. मागून 'एल'वाला बाबल निघाला.

पक्क्या लायसनची तारीख तोंडावर आली होती. सकाळी त्याच्या पुतण्याचा फोन आला, "बाबलकाका गेले." मी विचारलं, "खंय गेलो?" मग त्याने सगळं सांगितलं. पंप सुरू करायला विहिरीवर गेला होता. छातीत कळ आली म्हणून काठावर बसला, तो उठला नाही. मला प्रत्येक गोष्टीत भर घालायची खोड आहे. इथे घालायला काही सापडत नाही.

बॅटरी उतरू नये म्हणून त्याची मोटरसायकल मी अधूनमधून फिरवून आणतो. 'एल' पुसलेला नाही. गेल्या आठवड्यात तशीच फिरवत असताना थांब्यावर वहिनी दिसल्या. हातात पिशवी, निघाल्या होत्या मसुऱ्याला. दुसऱ्या हाताने गुडघा दाबत होत्या. मी मोटरसायकल त्यांच्यापुढे उभी केली. "वैनी, बसा. माझ्याकडे पक्कं लायसन आसा."

त्या जवळ आल्या. मागच्या सीटवर धूळ बसली होती, ती त्यांनी पदराने पुसली. नीट, कडेपर्यंत. मग पुन्हा थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

"एसटी येतली आता, भावजी."