दिवाबत्तीच्या वहीतले लाल शेरे

सगळ्यात आधी समोरच्या खोलीतल्या मावशींचं सांगतो. नाहीतर मी माझंच रडगाणं गात बसेन आणि त्या राहून जातील. मावशी एका सॉलिसिटरच्या कचेरीत कारकून होत्या. पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायच्या आणि कामाच्या असतील त्या कापून चिकटवायच्या, हे तिथलं त्यांचं सकाळचं काम. निवृत्त झाल्या तरी सवय सुटली नाही. बाकीची चाळ आधी राशिभविष्य वाचते, मावशी नोटिसा वाचतात. त्या वाचत नसत्या तर मी आज लालबागमध्ये राहत नसतो. मग कुठं राहत असतो, हा विचार मी मुद्दाम पुढं नेत नाही.

मी राहतो तो आमच्या गावकरी मंडळाचा गाळा. मालवणकडून नोकरीला आलेल्या गाववाल्याला पाठ टेकायला जागा असावी म्हणून गिरणीत कामाला असलेल्या आमच्या आजोबांनी मिळून घेतलेला. मंडळ म्हणजे रीतसर नोंदणी झालेला ट्रस्ट, आणि गाळा ट्रस्टच्या मालकीचा. दोन खोल्या, एक मोरी. प्रत्येकाला एक खुंटी, एक ट्रंक आणि वळकटी पसरण्यापुरती फरशी. आठवीतून शाळा सोडून आलो तेव्हापासून तिसरी खुंटी माझी. गिरगावात लग्नपत्रिकांच्या दुकानात कामाला आहे. माझ्या पगारात मुंबईत परवडेल अशी दुसरी जागा एकच, दुकानाचा माळा, पण तिथं आधीच दुसऱ्यांच्या लग्नांचे गठ्ठे राहतात.

गाळ्यात ग्रामदेवतेची तसबीर आहे. रोज संध्याकाळी पाळीप्रमाणे दिवा लावायचा आणि वहीत सही करायची. पाळी चुकली की आठवडाभर मोरी घासायची. हा नियम मंडळाच्या अध्यक्षांचा. अध्यक्ष स्वतः डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहतात, पण त्यांची शिस्त आमच्याकडे मुक्कामाला असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येत, वही मागत आणि लाल पेनानं शेरा मारत. 'वात जाड आहे.' 'समईवर हिरवट डाग.' 'चपलांची रांग वाकडी.' खाली सही आणि तारीख. शाळेत मास्तरांचे लाल शेरे चुकवायला मी मुंबईला पळालो होतो, त्याची ही परतफेड.

एका सकाळी मी ब्रश तोंडात घालून गॅलरीत उभा होतो. मावशींनी समोरून हाक मारली.

"अरे ए मालवणी, तुमचा गाळा रिकामा कधी झाला?"

"रिकामा? आत अकरा जण आंघोळीला नंबर लावून बसलेत, मावशी."

"पेपरात तर विकायला काढलाय."

नोटीस मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होती. पत्रिका तपासून माझी नजर तयार झाली आहे, तरी ती मी दोनदा वाचली. सदर मिळकत वर्षभर बंद व विनावापर आहे, ट्रस्टला तिची गरज उरलेली नाही, घेऊ इच्छिणाऱ्यांनी सीलबंद पाकिटात देकार पाठवावेत. विक्रीच्या पैशातून गावात सांस्कृतिक भवन उभारायचं होतं. आमच्या गावाला सध्या बारमाही डॉक्टर नाही, पण संस्कृतीला छप्पर मिळणार होतं, हे चांगलंच.

तोंडातला फेस गिळला तेव्हा कळलं की ब्रश अजून तोंडातच आहे.

"आता काय, मावशी?"

"घाबरायचं नंतर. आधी ऐक. ट्रस्टची जागा म्हणजे काय अध्यक्षाची सायकल आहे, मनात आलं आणि विकली? धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. विकायची खरंच गरज आहे का, त्यात ट्रस्टचं भलं आहे का, हे ते तपासतात. आणि ज्याचा त्या जागेशी संबंध आहे त्याला हरकत घेता येते."

"मग तुम्हीच लिहा ना. तुमचं इंग्रजी, तुमचं अक्षर..."

"माझा काय संबंध रे तुमच्या गाळ्याशी?" मावशी चष्मा पुसत म्हणाल्या. "माझा बा जन्मभर या गाळ्यासमोर राहिला. पंगती उठताना बघितल्या त्यानं. आत या म्हणून कुणी म्हणालं नाही. हरकत तू घ्यायचीस. मराठीत, तुझ्या हातानं."

आमचे आजे ज्या माणुसकीबद्दल आरतीनंतर स्वतःचं कौतुक करून घेत, तिच्यात हे बसत नव्हतं. मावशींनी मात्र तेवढं बोलून विषय मिटवला आणि मला कोरा कागद दिला.

तीन संध्याकाळी लागल्या. मी लिहायचो, त्या वाचायच्या आणि म्हणायच्या, "रडू नकोस, पुरावा दे. जागा वापरात आहे हे कशावरून?" मी म्हणालो, आम्ही घोरतो ते सगळ्या चाळीला माहीत आहे. त्या म्हणाल्या, घोरणं जोडपत्रात लावता येत नाही. मग मला वही आठवली. रोजच्या सह्या होत्याच, पण मावशींचं बोट लाल शाईवर थांबलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.

अर्ज दिला, त्याची एक प्रत मंडळाला गेली. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा फोन.

"तुका रे कित्याक होयी नसते उठाठेवी? कोणी शिकवल्यान तुका?"

"कोणी नाय, अध्यक्षानू. मीच लिवलंय."

"दिसताच ता! तुझा अक्षर बघून वकिलान पान उलटूक नाय." आणि मग प्रमाण मराठीत, कारण धमकी त्यांना मालवणीत जमत नाही: "गावात तुझी आई आहे, हे विसरू नकोस."

आईलाही फोन गेलाच. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुझी वळकटी आसा मा जाग्यार?" मी हो म्हणालो.

सुनावणीच्या दिवशी मी वही दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नेली आणि कागद आहेत का ते जिन्यात चार वेळा तपासलं. मावशी मागच्या बाकावर. मंडळाचे वकील छान बोलले. काळ बदलला, गावची मुलं स्वतःच्या घरात राहतात, गाळ्यात धूळ साचली आहे. ऐकता ऐकता मलाच वाटलं की मी बहुतेक मेलोय आणि मला कुणी कळवलं नाही.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी अध्यक्षांना विचारलं, "गाळा किती दिवस बंद आहे?"

"वर्ष उलटलं, साहेब. कुलूप आहे."

साहेबांनी माझ्याकडून वही घेतली, सावकाश पानं चाळली. "ही लाल सही कुणाची?"

अध्यक्ष पुढं वाकले. स्वतःची सही नाकारणारा माणूस तो नव्हे. तिच्याखाली दोन रेघा मारतो तो. "माझीच."

"गेल्याच महिन्याची. 'फरशी नीट पुसलेली नाही.' कुलूप लावलेल्या खोलीची फरशी कोण पुसतं?"

अध्यक्षांनी वकिलांकडे बघितलं. वकिलांनी न उलटलेल्या पानाकडे बघितलं.

"आणि हे? 'रात्री दिवे वेळेत बंद करावेत. अकरा माणसांना एवढा उजेड लागतो काय?'" साहेबांनी वही मिटली. "माणसं तुम्हीच मोजलीत."

आदेश पुढे काही दिवसांनी आला. विकण्याची निकड दाखवता आली नाही, वापरात असलेली जागा बंद सांगितली, परवानगी नाकारण्यात येते. मला त्यातल्या शेवटच्याच वाक्याचा अर्थ लागला. मावशींकडून ते तीनदा वाचून घेतलं, आणि मग आईला फोन केला.

पुढच्या पहिल्या रविवारी अध्यक्ष आले. पदाचा मोह असा सुटत नाही. त्यांनी वही मागितली, पेनाचं टोपण काढलं, चपलांच्या रांगेकडे बराच वेळ बघितलं. रांग चांगलीच वाकडी होती. मग टोपण परत लावून ते गेले. त्यानंतर वहीत लाल शाई नाही.

मी मावशींना बोलवायला गेलो. "आत या ना. दिव्याची वेळ झालीय."

"आता गुडघे दुखतात रे," त्या म्हणाल्या. "चहा इकडं आण."

मी चहा नेला. दुसऱ्या दिवशीही विचारलं, आणि रोज विचारतो. त्या अजून आलेल्या नाहीत, आणि घाई करायचा हक्क मला नाही.

मावशींना हल्ली मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सकाळी कामावर जाण्याआधी मी त्यांना नोटिसा वाचून दाखवतो. त्यांच्या खोलीच्या मालकाकडेही अधूनमधून कोट घातलेली माणसं फीत घेऊन येतात आणि भिंती मोजतात. कधीतरी त्या मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत त्यांची खोली आलीच, तर ती सगळ्यात आधी मला दिसेल. त्या दिवशी दुकानात सुट्टी टाकीन, कोरा कागद घेईन आणि त्या सांगतील तसं, माझ्या याच अक्षरात, त्यांच्यासाठी लिहीन. मावशी, एवढं माझ्याकडे देणं राहिलं.