जानेवारीचे विमान, ऑगस्टचा बडग्या

ज्या भाषणातले कामाचे एकही वाक्य कुणाच्या कानी पडले नाही, त्या भाषणाबद्दलचा हार वर्षालीने मान पुढे करून का घेतला? या प्रश्नाचे उत्तर प्रस्तुत लेखकाला देता आलेले नाही. जे घडले ते मात्र सांगता येते.

वर्षाली पवनारची. धाम नदीच्या काठाला घरची शेती. घरात ती आणि तिची आई आनंदाबाई. रोज एस.टी.ने ती वर्ध्याला जाई आणि तिथल्या एका महाविद्यालयात संरक्षणशास्त्र शिकवी. आठ वर्षे तासिका तत्त्वावर: दर जूनला नवी नेमणूक, दर एप्रिलला निरोप. या अधांतरी काळात तिने एकच विषय चिकाटीने धरून ठेवला होता. चीनचे जे-१० हे लढाऊ विमान आले कुठून, आणि ते काय करू शकते?

मुळाविषयी तिचे मत सावध होते. इस्राएलने १९८७ साली अर्ध्यावर सोडलेल्या एका विमानाशी त्याचे साम्य डोळ्यांत भरणारे आहे. तिकडून मदत मिळाल्याचे अनेक अभ्यासक सांगतात, दोन्ही देश ते नाकारतात. इंजिन बराच काळ रशियाकडून घेतलेले. पण प्रत्येक नव्या तुकडीबरोबर त्याचे रडार आणि क्षेपणास्त्रे सुधारत गेली, हेही तितकेच खरे. तिचा निष्कर्ष एका वाक्याचा होता: मूळ संशयास्पद असले म्हणून क्षमता संशयास्पद ठरत नाही.

२०१७च्या ऑगस्टमध्ये चीनबरोबरचा डोकलामचा पेच सुटलेला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत, म्हणजे इडापिडेच्या पुतळीसोबत, बडग्या, म्हणजे वर्षभराच्या संतापाचा पुतळा, मिरवत नेऊन शिवेवर जाळायचा, ही नागपूरची पद्धत गावाने अलीकडेच उचलली होती. यंदाचा बडग्या चिनी विमानाचा असेल, असे भैय्याजींनी जाहीर केले. भैय्याजी वर्षालीचे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव. गावही त्यांचेच म्हणायचे.

"म्याडम, जाळायच्या आधी पाच मिनिटं तुमी बोला," ते म्हणाले. "चोरीचा माल, उडते कमी न् पडते जास्त. इतकंच. तुमच्या पर्मनंटचं मंग मी पाहतो."

वर्षाली बडग्या पाहायला गेली. बांबूकाम करणारा कैलास त्यावर लाल रंग मारीत होता. तिने एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. ते तेजस होते. सव्वीस जानेवारीच्या शाळेच्या देखाव्यासाठी कैलासनेच बांधलेले, भैय्याजींनी नारळ फोडून मिरवणुकीत पुढे काढलेले.

"कैलासभाऊ, हे तर आपलं विमान हाय!"

"मंग? नवा सांगाडा कोन बांधते, ताई? तिरंगा कागद काढला, लाल मारला." कैलासने ब्रश झटकला. "बांबूले का मालूम, तो कोनाचा हाय!"

मागे उभे असलेले भैय्याजी खो खो हसले. "फरक सांगा न म्याडम, काय हाय तो."

"चिनी विमानाला नाकाजवळ दोन छोटे पंख असतात," ती नाइलाजाने म्हणाली.

"लाव रे कैलास, दोन पंख. झालं चिनी!"

कैलासने थर्माकोलचे दोन तुकडे सुतळीने बांधले. नाकावर मिचमिच्या डोळ्यांचा, पुढे दात आलेला एक चेहरा चिकटवला गेला. पोट्टे बोटांनी स्वतःचे डोळे ताणून त्यासोबत फोटो काढू लागले. वर्षालीला शिसारी आली. आपण ज्ञान दिले आणि त्याचे हे झाले, ही जाणीव अन्नात निघालेल्या केसासारखी होती.

घरी आनंदाबाईंना तिची घालमेल पटली नाही.

"काऊन तोंड पाडून बसली वो? दोन शब्द बोलजो न् उतरजो. विमान का तुह्या मामाचं हाय?"

"आई, खोटं बोलावं लागते."

"आठ साल खरं बोलून का भेटलं तुले?"

वर्षालीने मनाशी ठरवले. नोकरी जावो, आपला निष्कर्ष मात्र जसाच्या तसा सांगायचा.

दुसऱ्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" अशा आरोळ्यांत मिरवणूक निघाली. वाटेत कडुलिंबाच्या फांदीत अडकून थर्माकोलचे दोन्ही पंख गळून पडले. कुणाचेच लक्ष गेले नाही. शिवेवर वर्षालीने माईक हातात घेतला. "या विमानाच्या जन्माबद्दल शंका आहे," असे तिने म्हणताच शिट्ट्यांचा पाऊस पडला.

"पण नक्कल म्हणून हसू नका. नक्कल करता करता जो शिकतो, तो—"

भैय्याजींनी बोट वर केले. मिरवणुकीतल्या संदल-वादकांचे ढोल सुरू झाले. वर्षाली बोलत राहिली. रडारबद्दल बोलली, क्षेपणास्त्रांबद्दल बोलली, शेवटचे वाक्यही पुरे केले. तिचे ओठ हलताना सगळ्यांना दिसले. मग काडी लागली. लाल रंग आधी जळाला; खालून जानेवारीच्या तिरंग्याची विसरून राहिलेली एक पट्टी क्षणभर उघडी पडली आणि तीही गेली. लोक टाळ्या पिटत होते. भारताचे विमान भारताच्या जयजयकारात जळत होते, आणि हे माहीत असलेल्या तिघांपैकी दोघे नाचत होते.

धामेवर जाऊन तिने हात धुतले. नखांतली काजळी निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात भैय्याजी हार घेऊन उभे होते. "काय बोलल्या म्याडम तुमी! चीनची पार इज्जतच काढली!"

'तुम्ही एक अक्षरही ऐकलं नाही,' हे वाक्य तिच्या जिभेवर आले. झेंडूचा उग्र वास नाकात शिरला. टाळ्या वाजू लागल्या. तिने मान पुढे केली.

जून २०१९मध्ये वर्षाली कायम झाली. मार्च २०२२मध्ये पाकिस्तानी हवाई दलाने जे-१०ची सुधारित आवृत्ती आपल्या ताफ्यात दाखल केली.