अण्णांच्या सायकलचं इंजिन

मुंबईत म्हातारी माणसंही वाटून घ्यावी लागतात. आम्हा दोघा भावांची घरं एवढीशी, त्यामुळे आई मोठ्या भावाकडे चेंबूरला आणि वडील, म्हणजे अण्णा, माझ्याकडे घाटकोपरला. आईला विसरण्याचा आजार जडला होता आणि वहिनी दिवसभर घरी असायची, म्हणून ही वाटणी. सगळ्यांना ती फार शहाणपणाची वाटली. अण्णांना कुणी विचारलंच नाही, याचा मला अजून संताप येतो.

अण्णांनी आपला तोडगा काढला. दुपारचं जेवण झालं की सायकल काढायची आणि चेंबूर गाठायचं. ते कारखान्यात फिटर असताना तिथल्या एका परदेशी साहेबाने मायदेशी परतताना ही सायकल त्यांना दिली होती. म्हशीच्या शिंगांसारखं पसरलेलं हँडल, जाडजूड टायर, ऐसपैस सीट. सोसायटीतली पोरं तिला विमान म्हणायची.

अण्णा तिथे पोचायचे ते घामाने निथळत. त्यांना दारात बघताच आई उठायची. आधी गुळाचा खडा, मग पाणी, मग पदराने मान पुसता पुसता बोलणी: "एवढ्या उन्हातान्हाचं कशाला यायचं ते?" माझं नाव ती विसरली होती, नातवंडं तिला शेजारची वाटायची. पण घामाघूम होऊन येणारा माणूस आपला नवरा, एवढं तिच्यात शिल्लक होतं.

मग अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद. रिक्षाचं नाव काढलं की अण्णा भडकायचे. "रिक्षा करून जाऊ? ती काय हॉस्पिटलात आहे?" शेवटी मी म्हणालो, सायकलला इंजिन बसवू. त्यांचा चेहरा उजळला. एक छोटं पेट्रोल इंजिन मागवलं आणि पार्किंगमध्ये पसारा मांडून आम्ही बापलेकांनी ते सायकलच्या मधल्या त्रिकोणात बसवलं. मागच्या चाकाला दुसरी चेन, वरच्या दांडीवर इवलीशी टाकी. बायको म्हणाली, दोघांना एकदमच म्हातारचळ लागलाय.

पहिल्या दिवशी मी स्कूटरवरून मागे मागे गेलो. फटफटत अण्णा चेंबूरला पोचले ते अगदी कोरडे. शर्टाची इस्त्रीही मोडली नव्हती. आईने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि खुर्ची पुढे केली.

"बसा ना. हे येतीलच इतक्यात. सायकलवरून येतात, वेळ लागतो."

"अगं, मीच आलोय."

ती परक्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली. अण्णा बसले. दिवेलागणीपर्यंत दोघंही दाराकडे डोळे लावून अण्णांची वाट बघत होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मी जिन्यात जाऊन रडून आलो.

अण्णा मात्र रोज जात राहिले. थोड्या दिवसांनी वहिनीचा फोन आला. आई खुशीत आहेत, अण्णांना पुन्हा गूळपाणी देतात. मला वाटलं, सवय झाली असेल तिला. मग एकदा पेट्रोल भरायला टाकीचं झाकण उघडलं, तर टाकी काठोकाठ. पहिल्या दिवसानंतर मी भरलेलं सगळं पेट्रोल तसंच होतं.

"अण्णा, तुम्ही इंजिन चालूच करत नाही?"

"नाही."

"म्हणजे हे सगळं लोखंड ओढत नुसते पायडल मारत जाता? डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"विसरायचं खातं तुझ्या आईकडे आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "ती मला पाहुण्यासारखं बसवते रे. तिच्याकडे पाहुणा होऊन जगून काय करू?"

मी खूप ओरडलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना सायकलला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. संध्याकाळी घरी आलो, तर अण्णा बाहेर जायचा शर्ट घालून दिवाणावर बसलेले. दुपारपासून तसेच. तेवढ्यात वहिनीचा फोन आला. आई जेवणानंतर दारात जाऊन उभ्या राहिल्यात, बसायलाच तयार नाहीत. गुळाचा खडा मुठीत विरघळून मनगटापर्यंत ओघळलाय, पण मूठ उघडू देत नाहीत.

रविवारी सकाळी मी पाने घेतले आणि इंजिन काढायला बसलो. अण्णा शेजारी स्टूल टाकून बसले, सुटलेले नटबोल्ट ओंजळीत घेत. चेन उतरली, टाकी उतरली. अण्णांनी सायकल मागून उचलून पाहिली.

"हलकी झाली रे," ते म्हणाले. किती दिवसांनी ते असे खूश दिसत होते. मी दोन्ही टायरमध्ये हवा भरली. आपण बापाला कुठे पाठवतोय, ते मला पुरतं कळत होतं. दुपारी त्यांचं जेवण झाल्यावर फाटकापर्यंत मीच सायकल धरून नेली.